प्रशिक्षक आहे, पद नाही : जिल्ह्याच्या गावातल्या एका कॉलेज बास्केटबॉल प्रशिक्षिकेचं प्रकरण

ओळख पटू नये म्हणून गाव, कॉलेज आणि माणसांची नावं दिलेली नाहीत. काही तपशील आणि रकमाही त्याच कारणासाठी बदलल्या आहेत.

पार्श्वभूमी

महाराष्ट्रातल्या अनुदानित कॉलेजात खेळाचं मंजूर पद एकच असतं : शारीरिक शिक्षण व क्रीडा संचालक. कबड्डीपासून बुद्धिबळापर्यंत सगळ्या संघांच्या प्रवेशिका, पात्रता अर्ज, साहित्याचं रजिस्टर, प्रवासाची बिलं आणि नॅकची (कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेची) फाइल त्याच्याकडे. ‘बास्केटबॉल प्रशिक्षक’ असं पद कुठल्याही आकृतिबंधात (मंजूर पदांच्या यादीत) नसतं. पहाटे कोर्टवर उभ्या राहणाऱ्या माणसाचं मानधन जिमखाना निधीतून निघतं. तो निधी विद्यार्थ्यांच्या जिमखाना फीमधून जमतो आणि सगळ्या खेळांत वाटला जातो.

या प्रकरणातली प्रशिक्षिका विद्यापीठाच्या संघातून गार्ड (चेंडू पुढे नेणारी खेळाडू) म्हणून दोन वर्षं खेळलेली. बी. पी. एड. ही शारीरिक शिक्षणाची पदवी झाल्यावर २०१२ मध्ये तिने एम. पी. एड. ही पदव्युत्तर पदवी पूर्ण केली, गुण ५३.२ टक्के. हा आकडा पुढे फार महत्त्वाचा ठरला. २०१३ मध्ये, चोविसाव्या वर्षी, ती जिल्ह्याच्या गावातल्या एका कॉलेजात मुलींच्या संघाची प्रशिक्षिका झाली. मानधन महिना ५,००० रुपये, जुलै ते जानेवारी असे सात महिने. कागद कुठलाच नाही. प्राचार्यांनी तोंडी सांगितलं आणि काम सुरू झालं.

पहिल्या वर्षी संघ खो-खो आणि हँडबॉलच्या मुलींमधून उभा केला. २०१७-१८ पासून सलग तीन वर्षं या मुलींनी विभागीय आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा जिंकली. विभागातला विजेता संघ आंतरविभागीय स्पर्धेला जातो, तिथून विद्यापीठाचा संघ निवडला जातो आणि तो पश्चिम विभाग आंतरविद्यापीठ स्पर्धेत उतरतो. या साखळीतून तिच्या चार मुली विद्यापीठाकडून खेळल्या. मानधन तोवर ९,००० रुपयांवर आलं होतं, म्हणजे वर्षाला ६३,०००. उरलेल्या महिन्यांत उन्हाळी शिबिर आणि एका शाळेत तासिकांवर काम.

कोर्ट आणि हंगाम

हे नीट समजल्याशिवाय पुढचे निर्णय कळत नाहीत. कॉलेजकडे २८ बाय १५ मीटरचं एक उघडं सिमेंटचं कोर्ट. विभागीय स्पर्धा ऑगस्ट-सप्टेंबरात, आंतरविभागीय ऑक्टोबरच्या आसपास. म्हणजे सगळ्यात कसून तयारी करायची ती ऐन पावसाळ्यात. सिमेंटवर शेवाळ धरतं, वळताना पाय सटकतो आणि घोटा मुरगळतो. दर रविवारी ब्लीचिंग पावडर टाकून ताठ ब्रशने कोर्ट घासायचं, रोज सकाळी वायपरने पाणी काढायचं, हे काम मुली आणि प्रशिक्षिकाच करायच्या. रबरी चेंडू खडबडीत सिमेंटवर एका हंगामात गुळगुळीत होतो आणि ओल्या हातातून निसटतो. चौदा मुलींना सहा नंबरचे किमान आठ चेंडू लागतात, होते पाच.

सराव सकाळी सहा ते पावणेआठ, कारण आठला प्रॅक्टिकलं सुरू होतात. एवढ्या वेळात प्रत्येकीचे दीडशे शॉट व्हायचे असतील तर चेंडू कमी पडून चालत नाही. पाच चेंडूंवर निम्मा वेळ रांगेत जातो आणि आकडा सत्तरच्या पुढे सरकत नाही. मुलींचं नेमबाजीचं प्रमाण सुधारत नव्हतं, त्याला हे कारण होतं. ‘मुलींना सातत्य नाही’ असं म्हणून ते झाकलं जात होतं.

दुसरी मर्यादा वयाची. बहुतेक मुली चेंडू पहिल्यांदा हातात घ्यायच्या त्या अकरावीत. डावा हात तयार नसतो, त्यामुळे तगड्या संघाने पूर्ण कोर्टवर दबाव टाकला की नियमाने दिलेल्या आठ सेकंदांत चेंडू मध्यरेषेपलीकडे जात नाही. २०१९-२० च्या आंतरविभागीय सामन्यात संघाने ३१ वेळा चेंडू गमावला आणि सामना तिथेच हरला. अकरावी-बारावीच्या मुलींच्या स्पर्धा जिल्हा क्रीडा कार्यालयाकडून होतात, विद्यापीठाशी त्यांचा संबंध नाही. त्या मुलींवर घेतलेल्या मेहनतीची वरिष्ठ कॉलेजच्या हिशेबात नोंदच होत नव्हती.

नेमकी अडचण

मार्च २०२० मध्ये कॉलेजं बंद झाली. २०२०-२१ चा आंतरविद्यापीठ हंगाम झालाच नाही. स्पर्धा नाहीत म्हणून मानधन नाही, आणि लेखी काहीच नसल्याने मागायलाही आधार नाही. २०२१-२२ मध्ये तीन महिन्यांचं मानधन मिळालं. तेहतिसाव्या वर्षी, नऊ वर्षं काम करून, तिच्याकडे ना नेमणूकपत्र होतं ना अनुभवाचा दाखला.

एप्रिल २०२२ मध्ये मोठ्या शहरातल्या एका शिक्षणसंस्थेने नोकरी देऊ केली. त्यांच्या शाळेत क्रीडाशिक्षक, १४ आणि १७ वर्षांखालील संघ, महिना ३६,००० रुपये, बाराही महिने. एक अट तोंडी होती : त्याच संस्थेच्या कॉलेजसाठी तिने आपल्या संघातल्या तीन प्रमुख मुली घेऊन यायच्या. त्यांना वसतिगृह आणि फी माफ होणार होती. उत्तर द्यायला पंधरा दिवस.

समोर असलेले पर्याय

क्रीडा संचालकाचं पद. बाहेरून पाहणाऱ्याला हाच सरळ मार्ग वाटतो. पण त्यासाठी एम. पी. एड.ला ५५ टक्के लागतात, शिवाय नेट, सेट (प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षा) किंवा पीएच. डी., आणि शारीरिक क्षमता चाचणी. राखीव प्रवर्गाला गुणांत पाच टक्क्यांची सवलत आहे. प्रशिक्षिका खुल्या प्रवर्गातली. सेटलाही पदव्युत्तर गुणांची तीच अट, त्यामुळे ५३.२ वर तो अर्जही भरता येत नव्हता. गुणसुधाराची मुदत कधीच उलटून गेलेली. राहिला उपाय म्हणजे दोन वर्षांचं एम. पी. एड. पुन्हा नियमित करणं, मग सेट, जिथे किमान गुण मिळूनही मर्यादित उमेदवारच पात्र ठरतात, आणि मग जागा निघण्याची वाट. चार वर्षं तरी धरायची. ते पद मिळालं तरी दिवसाचा मोठा भाग कागदांत जाणार आणि कोर्टवरचा वेळ कमी होणार, हे ती नऊ वर्षं शेजारच्या टेबलावर पाहत होती.

पतियाळा. नेताजी सुभाष राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा एक वर्षाचा प्रशिक्षण डिप्लोमा. सरकारी प्रशिक्षकपदांच्या जाहिरातींत या पदविकेला वजन असतं. खर्च, वर्षभराचं उत्पन्न बंद, आणि परतल्यावर संघ असेलच याची खात्री नाही. तिथलाच सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्स उन्हाळ्यात उरकता येतो, पण त्याची किंमत बाजारात कमी.

शहरातली नोकरी. हिशेब मांडल्यावर चित्र बदललं. वर्षाला ४,३२,०००, त्यातून घरभाडं महिना १४,००० म्हणजे १,६८,०००. हातात २,६४,०००. गावात ती आईवडिलांच्या घरात राहत होती. स्थैर्य मात्र खरं होतं, आणि अनुभवाचा दाखला मिळणार होता.

थांबणं आणि क्लब काढणं. कॉलेजचं कोर्ट संध्याकाळी रिकामं असायचं. दहा-अकरा वर्षांच्या मुली तिथे तयार झाल्या तर सहा-सात वर्षांनी कॉलेजच्या संघात डावा हात तयार असलेली गार्ड मिळेल. मुंबईच्या नागपाड्यात हेच घडलं. तिथल्या गल्लीतल्या कोर्टवर, नागपाडा नेबरहुड हाउससारख्या जागी, मुलं लहानपणापासून खेळत आली आणि अब्बास मुंतसिर यांच्यासारखा १९७० चा अर्जुन पुरस्कार मिळवणारा भारताचा कर्णधार त्यातून निघाला. खेळाडू कॉलेजात येण्याआधी घडतो. जिल्ह्याच्या गावात अशी जागाच नव्हती.

निर्णय

पहिला निर्णय त्या तीन मुलींचा. प्रशिक्षिकेने त्यांना आणि त्यांच्या पालकांना बोलावून शहराचा प्रस्ताव जसाच्या तसा सांगितला आणि आपल्या जाण्या-न जाण्याशी तो जोडू नका असंही सांगितलं. हा या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा क्षण वाटतो. प्रस्ताव लपवणं सोपं होतं. ‘चला माझ्याबरोबर’ म्हणणंही सोपं होतं. दोन्हींत मुलींचं शिक्षण प्रशिक्षकाच्या नोकरीच्या तराजूत पडतं. एकीने शहर निवडलं, दोघी थांबल्या. शहरातल्या संस्थेने एका मुलीवर समाधान मानलं नाही आणि तारीख पुढे ढकलली. तेव्हा प्रशिक्षिकेने नकार कळवला.

दुसरा निर्णय : थांबायचं, पण कागदावर. कॉलेजशी करार झाला तरच थांबायचं, नाहीतर ३० जूनपर्यंत दुसरीकडे अर्ज. ही तारीख तिने प्राचार्यांना आधीच सांगितली होती.

काय केलं

बोलणी करायला बसल्यावर पहिली अडचण आली ती नोंदींची. नऊ वर्षांत किती सामने जिंकले, किती मुली विद्यापीठाकडून खेळल्या, याचा एकही कागद तिच्याकडे नव्हता. माजी खेळाडूंना फोन करून प्रमाणपत्रांच्या प्रती मागवायला तीन आठवडे गेले. त्या प्रतींनीच काम केलं. नॅकच्या पाचव्या निकषात, ५.३.१ खाली, मागच्या पाच वर्षांत विद्यार्थ्यांनी खेळात आणि सांस्कृतिक क्षेत्रात विद्यापीठ पातळीपासून वर मिळवलेली पदकं तेव्हा मोजली जात. कॉलेजच्या त्या तक्त्यात खेळाच्या नोंदींपैकी निम्म्याहून जास्त बास्केटबॉलच्या होत्या. हे प्राचार्यांसमोर ठेवल्यावर बोलण्याचा सूर बदलला.

करार संस्थेचे सचिव आणि प्राचार्य यांच्या सहीने झाला. त्यातल्या कामाच्या तरतुदी अशा :

– मानधन १२,००० रुपये, सातऐवजी दहा महिने. तिसऱ्या वर्षी १५,०००.
– स्पर्धा रद्द झाल्या तरी निम्मं मानधन चालू.
– १ ऑगस्ट ते ३१ डिसेंबर या काळात कोणीही करार मोडायचा नाही; एरवी दोन महिन्यांची सूचना.
– संध्याकाळी पाच ते सात कोर्ट क्लबला. फीच्या २० टक्के जिमखान्यात.
– दर वर्षी जूनमध्ये आठ नवे चेंडू, एक प्रथमोपचार पेटी, खेळाडूंचा अपघात विमा.
– हंगामाच्या शेवटी लेखी अनुभव दाखला.

पाचवी तरतूद सहज मान्य झाली. दुसरीवर सगळ्यात जास्त वेळ गेला.

क्लब नोव्हेंबर २०२२ मध्ये सुरू झाला, १८ मुलं-मुली, फी ५००. पावसाळ्यात सुरू न करण्याचं कारण उघड आहे : पहिल्याच महिन्यात निम्मे दिवस सुट्टी गेली की पालक फी देत नाहीत. लहानांना पाच नंबरचा चेंडू. रिंग ३.०५ मीटरवर पक्की असल्याने दहा वर्षांची मुलं चेंडू खांद्यावरून फेकतात आणि ती सवय पुढे मोडत नाही. म्हणून एका बाजूला २.६० मीटरवर बसणारी लोखंडी रिंग गावातल्या फॅब्रिकेटरकडून बनवून घेतली. हिवाळ्यात अंधार लवकर पडतो, त्यासाठी २०० वॅटचे चार एलईडी फ्लडलाइट. दोन तास, महिन्याचे २६ दिवस धरले तर जेमतेम ४२ युनिट, त्यामुळे विजेवर वाद झाला नाही.

कॉलेजच्या संघात बदल केला तो दबाव फोडण्याचा. सराव असा : चौघींनी पाच जणींविरुद्ध चेंडू पलीकडे न्यायचा, ड्रिबल (चेंडू टप्पे टाकत नेणं) बंद, फक्त पास. आठ सेकंद शिटीवर. बंदी असल्याने पास घेणारीला चेंडूकडे धावत यावं लागतं, जागेवर हात पुढे करून उभं राहता येत नाही. तीन आठवड्यांनी एक ड्रिबल उघडायचा. पंधरा मिनिटं, रोज. प्रत्येक सामन्यात राखीव खेळाडूंपैकी एक मुलगी वहीत चेंडू गमावल्याच्या खुणा करायची : पास चुकला, पाय सरकला, वेळ संपला. कारण वेगळं लिहिलं नाही तर नुसता आकडा काही शिकवत नाही.

आणखी एक गोष्ट केली, छोटी पण परिणाम मोठा. चौदाही मुलींचं हिमोग्लोबिन सरकारी रुग्णालयात तपासून घेतलं. सहा जणी १२ च्या खाली होत्या. चौथ्या क्वार्टरमध्ये पाय जड होण्याचं कारण सरावात शोधलं जात होतं, ते रक्तात होतं. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या सुरू केल्या, तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी.

२०२३ च्या उन्हाळ्यात प्रशिक्षिका सहा आठवड्यांच्या सर्टिफिकेट कोर्सला गेली. क्लब एका माजी खेळाडूकडे दिला, महिना ५,००० वर. पहिले दोन आठवडे मुलांची संख्या घसरली, कारण पालकांना तिची ओळख नव्हती. तिला दोन महिने आधीपासून शेजारी उभं करायला हवं होतं.

निकाल

२०२२-२३ मध्ये संघ विभागीय अंतिम सामन्यात हरला. एक प्रमुख गार्ड गेल्याचा तो परिणाम होता आणि प्रशिक्षिकेवर गावात टीकाही झाली. २०२३-२४ मध्ये विभागीय विजेतेपद परत आलं, आंतरविभागीयला तिसरा क्रमांक. तिथे चेंडू गमावण्याचं प्रमाण सामन्याला १९ वर आलं होतं. दोघी विद्यापीठाच्या संघात निवडल्या गेल्या.

पैशांचं सांगायचं तर पहिलं वर्ष तोट्याचं. करार नवा, क्लब छोटा. पूर्ण दहा महिन्यांचा हिशेब केला तर कॉलेजचे १,२०,००० आणि क्लबमधून खर्च वजा जाता महिना ५,७०० प्रमाणे ५७,०००. शहरातल्या नोकरीत हातात राहिले असते त्यापेक्षा ८७,००० कमी. तिसऱ्या वर्षी क्लबात ४१ मुलं, फी ६००. २४,६०० पैकी ४,९२० जिमखान्याला, ५,००० सहायक प्रशिक्षिकेला, २,००० चेंडू-जाळ्यांना, उरले १२,६८०. दहा महिन्यांचे १,२६,८०० आणि कॉलेजचे १,५०,००० मिळून २,७६,८००. शहराच्या हिशेबापेक्षा किंचित वर, पण भविष्यनिर्वाह निधी नाही, आजारपणाची रजा नाही. आणि आईवडिलांचं घर नसतं तर ही तुलना टिकली नसती.

एक अनपेक्षित दार उघडलं. २०२४-२५ पासून नव्या शैक्षणिक धोरणाचा आराखडा संलग्न कॉलेजांत आला आणि सहअभ्यासक्रमात खेळाचे श्रेयांक (क्रेडिट) आले. दोन श्रेयांकांचं प्रात्यक्षिक म्हणजे साठ तास. क्रीडा संचालक एकटे सगळ्या तुकड्या घेऊ शकत नव्हते. करार आणि अनुभवाचा दाखला हाताशी असल्याने तासिकांचं काम तिला देणं कॉलेजला सोपं गेलं. तोंडी व्यवस्था असती तर हे काम बाहेरच्या कुणाकडे गेलं असतं.

शहरात गेलेली मुलगी तिथल्या संघात पहिल्या वर्षी फार कमी खेळली, दुसऱ्या वर्षी नियमित झाली. तिचा निर्णय तिच्यासाठी चुकला असं म्हणता येणार नाही.

वेगळं काय करता आलं असतं

एम. पी. एड.चा निकाल लागला त्याच वर्षी गुणसुधाराचा अर्ज करायला हवा होता. तेव्हा दोन-तीन विषय पुन्हा दिले असते तर दहा वर्षांनी दोन वर्षं घालवण्याचा प्रश्न आला नसता. प्रशिक्षक व्हायचंय म्हणून टक्क्यांकडे दुर्लक्ष करणारे खेळाडू आजही दिसतात. ५५ चा आकडा ओलांडलेला असला की संचालकपद नको असलं तरी नाकारण्याचा अधिकार आपल्याकडे राहतो.

करार २०१७-१८ च्या विजेतेपदानंतर लगेच मागता आला असता. तेव्हा बाजू भक्कम होती. २०२२ मध्ये तो गरजेपोटी मागितला गेला. अर्ध्या मानधनाची आणि दहा महिन्यांची तरतूद त्या वेळी असती तर २०२०-२१ मध्ये दहा महिन्यांचे निदान ४५,००० मिळाले असते.

पतियाळाच्या पूर्ण डिप्लोमाबद्दल मतं दोन आहेत. २०२०-२१ हे वर्ष कोर्टवर फुकट गेलंच होतं, त्या काळात प्रवेशाची तयारी करून पुढच्याच तुकडीत जायला हवं होतं, असं एक मत. दुसरं मत असं की मानधन बंद असताना वर्षभराचा खर्च कुठून येणार. आमचा कल पहिल्या मताकडे आहे, कारण सहा आठवड्यांच्या प्रमाणपत्रावर सरकारी प्रशिक्षकपदाच्या जाहिरातींत तिचा अर्ज अजूनही मागे पडतो. ते दार ती चाळिशीच्या आत उघडणार असेल तर क्लब आणि संघ वर्षभर सांभाळेल अशी सहायक आत्तापासून तयार करावी लागेल. सध्याची सहायक लहान मुलांना उत्तम घेते, पण कॉलेजच्या सामन्यात बाकावरून बदल आणि टाइमआउट तिने अजून स्वतः घेतलेले नाहीत. येत्या हंगामात विभागीय फेरीतले साखळी सामने तिच्याकडे द्यायचं ठरलं आहे : पहिल्या हाफमधले दोन टाइमआउट तिचे, दुसऱ्या हाफमधले तीन प्रशिक्षिकेचे, आणि सामन्यानंतर दोघींनी वहीतल्या नोंदी एकत्र बसून पाहायच्या.